ऐंशी केल्विन, पण कुणाचं?

आमच्या क्रायोस्टॅटच्या (आतली हवा काढून वस्तू अतिथंड करायचं भांडं) माहितीपत्रकात एक ओळ आहे: ‘दोन तासांत ८० केल्विन’, म्हणजे सुमारे उणे १९३ अंश सेल्सिअस. त्या ओळीपायी माझे चार दिवस गेले. राग अजून गेलेला नाही.

काम तसं साधं. १०० मिलिमीटर फोकल लांबीची जर्मेनियमची लेन्स थंड केली की फोकस किती सरकतो, ते मोजायचं. एका बाजूला तापवलेलं पिनहोल (बारीक छिद्र) आणि त्यातून येणारे किरण समांतर करणारा कॉलिमेटर, मध्ये क्रायोस्टॅटमध्ये लेन्स, पलीकडे मायक्रोमीटरच्या स्टेजवर इन्फ्रारेड कॅमेरा. कॅमेरा सरकवत ठिपका सगळ्यात बारीक कुठे होतो ते लिहायचं. जोडणी दीड दिवसात झाली.

लिक्विड नायट्रोजन ओतलं. दोन तासांनी डिस्प्लेवर ८०. रीडिंग घेतलं, डबा खाऊन आले, पुन्हा घेतलं, तर फोकस अर्धा मिलिमीटर लांब गेलेला. चहानंतर आणखी लांब. आधी स्टेजवर संशय, मग क्रायोस्टॅटच्या काचेच्या खिडकीवर, मग टेबलाच्या बोल्टांवर. सगळं खोललं, सगळं आवळलं, तिसऱ्या दिवशीही तेच. सरांनी एवढंच विचारलं, “सेन्सर कुठे चिकटवलाय?”

कोल्ड प्लेटवर, म्हणजे नायट्रोजन जिला थेट गार करतो त्या धातूच्या प्लेटवर! व्हॅक्यूममध्ये हवा नसते. लेन्सची उष्णता बाहेर पडणार ती जवळजवळ सगळी कडेच्या रिंगमधून, तीही धातू नीट टेकलाय तिथूनच. प्लेट ८० ला पोचली तेव्हा लेन्स अजून कोमटच होती. मग रिंगखाली इंडियम या मऊ धातूचा पातळ पत्रा घातला, प्लेटपर्यंत तांब्याची पट्टी नेली आणि लेन्सच्या कडेला वेगळा सेन्सर लावला. तरी नऊ तास लागले.

हां, हे आधीच सांगायला हवं होतं: खोलीच्या तापमानाचं रीडिंगही व्हॅक्यूम करूनच घ्या. हवा काढली की खिडक्या आत किंचित वाकतात आणि तो फरक फुकट थंडीच्या खात्यात जमा होतो. आणि गार असताना झाकण उघडायचं नाही, लेन्सवर दव बसतं.

शेवटी आकडा आला सुमारे २.२ मिलिमीटर. कागदावर २.७ होता, म्हणून पुन्हा धडकी भरली. पण चूक कागदावरच होती. अपवर्तनांक (लेन्स प्रकाश किती वळवते तो आकडा) दर अंशाला किती बदलतो, तो खोलीच्या तापमानाचा गुणांक मी थेट ८० पर्यंत ताणला होता. जर्मेनियम जसजसं गार होतं, तसतसा त्याच्या अपवर्तनांकातला बदल मंदावतो.

प्लेटच्या आकड्यावर मी आता चिकटपट्टी लावून टाकलीय.