"हे तर मीही वाजवेन!"

"किती स्लो वाजवतो गं हा मावशी, हे तर मीही वाजवेन!" ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी ऐकून भाच्याने निकाल देऊन टाकला. दिवसभर तेच डोक्यात.

अरे बाबा, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात १७ व्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्यात डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. पठ्ठ्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. पातळ तारा लावल्या. १९७१ च्या अल्बममध्ये तर त्या सैल सोडून तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. बोटांवरचा ताण कमी झाला आणि आवाज आणखी जडशीळ.

पुढे कित्येक बँड्सनी हेच खालचं ट्युनिंग उचललं.

हल्ली सगळीकडे वेगाचीच आरती चालते. त्यात या माणसाला कुठे बसवायचं?