भिंतीआडची गवताची नदी

इंग्लंडमधल्या नॉर्थ यॉर्कशायरमध्ये माल्टनजवळ स्कॅम्पस्टन हॉल म्हणून जुना वाडा आहे, तिथली वॉल्ड गार्डन, म्हणजे भिंतींनी वेढलेली बाग, बघून आले आणि अजून डोक्यातून जात नाहीये. पूर्वी या विटांच्या उंच भिंतींच्या आत वाड्यासाठी भाजी नि फळं पिकवायचे, कारण वीट दिवसभर ऊन पिते आणि रात्री हळूहळू सोडते, वारा पण अडतो, त्यामुळे थंडीतही नाजूक झाडं तग धरतात. नंतर सगळं ओसाड पडलं. मग मालकांनी पीट औडॉल्फला बोलावलं, हा डच डिझायनर, न्यूयॉर्कमध्ये जुन्या उंच रेल्वेमार्गावर केलेल्या हाय लाइन या बागेतली झाडं त्याचीच.

मला सगळ्यात आवडलं ते गवत. मोलिनिया नावाचं, लांबलचक वळणावळणाच्या पट्ट्यांमध्ये लावलंय, मध्ये कापलेली हिरवळ, आणि वारा आला की अख्खा पट्टा एका बाजूला झुकतो, हात फिरवला तर तुरे बोटांना हलके गुदगुल्या करतात. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे.

फुलं सुकली तरी औडॉल्फ ती लगेच कापू देत नाही, वाळलेली बोंडं, काळे पडलेले देठ, हेही त्याच्यासाठी बागेचंच रूप, आणि मला हे मनापासून पटतं. कात्सुराची झाडंही आहेत, शरद ऋतूत त्यांच्या गळणाऱ्या पानांना करपलेल्या साखरेसारखा वास येतो.

बाहेरचं पार्क कॅपेबिलिटी ब्राउन या प्रसिद्ध इंग्रज उद्यानरचनाकाराच्या हातचं, १८ व्या शतकातलं. पण ते बघायला पुन्हा जाईन, या वेळी पाय भिंतीच्या बाहेर निघालेच नाहीत.