दादासाठी वाचलेली चार पानं

आज दुपारी बेळगावात शनिवार खुटाकडची कामं आटोपून वाचनालयात बसले. दादाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) आहे हे कळून ३ वर्षं झाली. गोळ्या कळल्या, पुढची तारीख कळली, पण घरच्यांनी वागायचं कसं?

आज वाचलं. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांच्या संशोधनात दिसलं होतं, की घरी सतत टोचून बोलणं, राग किंवा अति काळजी असेल तर इस्पितळातून परतलेल्यांचा आजार जास्त वेळा उलटतो.

अति काळजीसुद्धा! दादा ३४ वर्षांचा आहे, आई अजून त्याची भाकरी आमटीत कुस्करून देते. आणि मी रोज सकाळी "किती झोपतोस रे" म्हणून ओरडते. गोळ्यांनीही झोप येते, हे माहीत असून.

रात्री आईला वाचून दाखवलं. ती गप्पच झाली. मग म्हणाली, "म्हंजे माझंच चुकलं काय गं?" नाही गं आई. आजार घरच्यांमुळे होत नाही, हेही तिथंच लिहिलंय. ती ओळ दोनदा वाचली.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठी-कन्नड दोन्हींत बोलतात.