संक्रांत, पाडवा आणि मे महिना : बर्फावरचे तीन रविवार

संक्रांतीच्या रविवारी सकाळी साडेसातला सिएटलहून निघालो तेव्हा घरी पाऊस पडत होता. आय-९० हायवेने पूर्वेकडे तासभर गेलं की स्नोक्वाल्मी खिंड लागते. उंची ३,०२२ फूट, म्हणजे आपल्या पाचगणीपेक्षाही कमी. तरी नॉर्थ बेंड गाव मागे टाकल्यावर पावसाचा बर्फ झाला आणि मागच्या सीटवरच्या गप्पा थांबल्या. गाडीत आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि हिवाळ्यात वाईहून आमच्याकडे आलेल्या माझ्या सासूबाई, म्हणजे आई.

जायचं होतं गोल्ड क्रीक पाँड या तळ्याला, बर्फातून चालायला. एक्झिट ५४ ला उतरलं की जवळच स्नो-पार्क, म्हणजे बर्फात फिरायला येणाऱ्यांसाठीचं पार्किंग आहे, तिथे गाडी लावायची. त्याचा परवाना वेगळा काढावा लागतो, राष्ट्रीय उद्यानाचा वार्षिक पास तिथे चालत नाही. शनिवार-रविवारी नऊनंतर जागा मिळेल असं धरू नका. रस्त्याच्या कडेला गाडी लावून जाऊ नका, बर्फ काढणाऱ्या गाड्यांना तेवढीच वाट असते.

स्नोशू, म्हणजे बर्फात चालायला बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी, आम्ही आदल्या दिवशीच भाड्याने आणले होते. माप पावलावरून नाही, वजनावरून ठरतं, आणि त्यात पाठीवरच्या सॅकचंही वजन धरायचं. वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरतं म्हणून माणूस बर्फात रुतत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. खाली लोखंडी दात असतात, ते चढावर पकड देतात. मुलांचे पट्टे घरीच बांधून बघा. गारठलेल्या बोटांनी पार्किंगमध्ये बकल लावत बसलात तर निघण्याआधीच मुलं कंटाळतात.

वाट जवळजवळ सपाट आहे. आधी उन्हाळ्यातल्या गाडीरस्त्यावरून चालायचं, मग तळ्याभोवतीच्या झाडीत शिरायचं. हा हायवे बांधताना इथून खडी काढली, त्या खड्ड्याचं हे तळं झालं. जानेवारीत ते दिसतच नाही. पांढरं मोकळं मैदान दिसतं, आणि मुलं नेमकी तिकडेच धावतात. आमची मुलगी काठापर्यंत पोहोचली होती. तिला मागे घेतलं आणि खालचं पाणी कसं असतं ते तिथेच उभं राहून समजावलं. किनारपट्टीच्या या डोंगरात थंडी फार कडक नसते, बर्फाखालचा थर किती जाड आहे ते वरून कळत नाही. त्या गोठलेल्या पाण्यावर पाऊल ठेवू नका. दुसरी धोक्याची जागा म्हणजे सूचिपर्णी झाडांचे बुंधे. खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती पोकळी राहते आणि वरून मऊ बर्फ झाकून टाकतो. त्यात मूल गेलं तर दिसतही नाही. आम्ही नियमच केला, फांदीच्या सावलीत जायचं नाही.

तळ्यापुढे दरी आत आत जाते आणि वर चिकामिन शिखर दिसतं. मोह होतो. पण पुढच्या उतारांवरून हिमकडे कोसळतात, म्हणून कुटुंबासह तळ्यापाशीच थांबावं. निघण्याआधी नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटरचा त्या दिवसाचा अंदाज वाचाच, सपाट वाटेवर जात असलात तरी.

आई मुलाच्या मागोमाग चालत होत्या, दोघांचा वेग एकच. मी आधी घड्याळ बघत होते, मग सोडून दिलं. एकच वेळ धरून ठेवली, एक वाजता जिथे असू तिथून परत. जानेवारीत पावणेपाचच्या आसपास सूर्य मावळतो, आणि दरीत ऊन त्याआधीच जातं. तळ्याकाठी बसायला फोमची चटई पसरली, थर्मासमधली मुगाची खिचडी काढली. गूळपोळी थंडीतही छान राहते. तिळगूळ मात्र दगड होतो, तो खिशात अंगाजवळ ठेवा.

कपड्यांबद्दल एकच सांगते : जीन्स नको. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वरून पाणी न शिरणारं जॅकेट-पँट, आणि प्रत्येकाचे हातमोज्यांचे दोन जोड. इथला बर्फ प्रशांत महासागराच्या दमट हवेतून पडतो, ओला आणि जड. इकडची माणसं या कॅस्केड डोंगररांगेवरून त्याला कॅस्केड काँक्रीट म्हणतात.

पाडव्यानंतरच्या रविवारी मुद्दाम पुन्हा तिथेच गेलो. मुलांबरोबर दर वेळी नवी जागा शोधण्यापेक्षा एका जागी परत जावं, असं मला आता मनापासून वाटतं. मुलाला वळणं आठवत होती, ‘इथे आजी बसली होती’ म्हणून तोच पुढे झाला. बर्फ मात्र ओळखू येत नव्हता. सकाळी वरचा थर कडक, करकर वाजणारा. अकरानंतर ऊन तापलं आणि सगळं भुसभुशीत झालं. मुलाने कंटाळून स्नोशू काढले आणि दुसऱ्याच पावलाला मांडीपर्यंत रुतला. बूट आतून भिजला, तो रडायला लागला, आम्ही तिथूनच परत फिरलो. मोज्यांचा जादा जोड गाडीत ठेवला होता, तो सॅकमध्ये हवा होता. मार्चनंतर लवकर निघा, दुपारच्या आत परता. ओढ्यावरच्या बर्फाच्या साकवावर जाऊ नका, खालून पाण्याचा आवाज येत असेल तर अजिबात नाही.

मे महिन्यात माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यानातल्या पॅरडाइजला गेलो, उंची ५,४०० फूट. इथे वर्षाला सरासरी ६४० इंच बर्फ पडतो, आणि १९७१-७२ च्या हंगामात १,१२२ इंच पडला होता. मेमध्येही पार्किंगभोवती माणसाहून उंच भिंती उभ्या होत्या. हिवाळ्यात जाणार असाल तर दोन गोष्टी : १ नोव्हेंबर ते १ मे चाकांच्या साखळ्या गाडीत असल्याच पाहिजेत, फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी. आणि वाटेतल्या लाँगमायरच्या फाटकापुढचा रस्ता कोणत्या दिवशी उघडा राहणार ते हिवाळागणिक बदलतं, आदल्या रात्री उद्यानाच्या संकेतस्थळावर बघा.

निस्क्वाली व्हिस्टाचा छोटा फेरा केला. समोर हिमनदी आणि वर १४,४१० फुटांचा डोंगर, ढग नव्हते. कड्याच्या टोकाशी जाऊ नका, पुढे आलेला बर्फ अधांतरी असतो. धुकं उतरलं तर काही दिसेनासं होतं, तेव्हा आपल्याच पावलांच्या खुणांवरून मागे या. आणि सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा. मुलीचं तेवढंच राहिलं होतं, तेवढंच भाजलं.

उतरताना लाँगमायरला थांबलो. ट्रेल ऑफ द शॅडोज हा ०.७ मैलांचा सपाट फेरा, इथे बर्फ संपला होता. ओल्या मातीत ट्रिलियम फुललं होतं, तीन पानं आणि मधोमध तीन पांढऱ्या पाकळ्या. आई वाकून बघत राहिल्या. ‘बेलासारखंच की गं,’ म्हणाल्या. मुलाने तोडायला हात पुढे केला तो त्यांनीच धरला, आणि दोघं तिथे बसून पुढच्या झाडाची पानं मोजायला लागले.