कुकरमधला चाफा, मखरातला थर्मोकोल

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला सोनचाफा आणि सीताफळाचं लाकूड व साल हा विषय मिळाला तेव्हा वाटलं, सुटले. चाफा आमच्या परसात, सीताफळ साताऱ्यात यवतेश्वराच्या वाटेवर. दोन्ही सपुष्प वनस्पतींच्या फार जुन्या घराण्यांतली. म्हणजे पाणी नेणाऱ्या नळ्या, व्हेसल, जुन्या घडणीच्या असणार, असं मी धरूनच चालले होते.

लाकडाचा सेंटीमीटरभर ठोकळा पाण्यात बुडेपर्यंत उकळायचा. मी आईचाच कुकर घेतला. "अगं, त्यात मी वरण लावते!" मग माळ्यावरचा जुना काढला. तिकडे कॉलेजच्या मायक्रोटोमची, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे पातळ काप घेणाऱ्या यंत्राची, सुरी बोथट. धार लावून येईपर्यंत तीन आठवडे गेले. त्यावर न बोललेलं बरं.

खरा छळ सालीने केला. लाकूड कडक, साल मऊ, मधे नव्या पेशी घडवणारा नाजूक थर, कँबियम. सुरी फिरली की साल सुटून चुरा. शेवटी एका सिनिअर ताईने युक्ती सांगितली: थर्मोकोल ब्यूटाइल अॅसिटेटमध्ये विरघळवून ठोकळ्याच्या तोंडाला ब्रशने लाव, वाळला की वर चिकटपट्टी, मग काप घे. माळ्यावर बंदीच्या आधीच्या गणपतीचं मखर पडलं होतंच. त्याचा एक खांब कामी आला.

वीस मायक्रॉनचा पहिला सलग काप सीताफळाचा. सॅफ्रानिन आणि फास्ट ग्रीनने रंगवला. सालीत लाल पट्टा, हिरवा पट्टा, पुन्हा लाल, आणि त्यांना चिरत बाहेरच्या बाजूला रुंद होत गेलेले किरण (आतून बाहेर जाणाऱ्या पेशींच्या ओळी), समईच्या ज्योती उलट्या धरल्यासारखे. लाल ते चिवट धागे. आजोबा सीताफळाच्या ओल्या सालीने कडब्याची पेंढी बांधायचे, ती साल लांबच लांब का सोलून येते ते तिथे दिसलं.

नळ्या मात्र कापात नीट कळत नाहीत. काडीएवढे तुकडे ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये साठ अंशांवर दोन दिवस ठेवले; पांढरे पडले, हलवल्यावर पेशी सुट्या. चाफ्याच्या नळीचं टोक तिरपं, त्यावर आडव्या पट्ट्यांची शिडी. सीताफळाच्या टोकाला शिडीच नाही, सरळ एक गोल भोक! बाटल्या अदलाबदल झाल्या म्हणून सगळं पुन्हा केलं. तेच.

शिडी ही जुनी घडण, एकच भोक ही नंतरची, हे मला पाठ होतं. न्यू कॅलेडोनियातल्या अॅम्बोरेला या फार जुन्या घराण्यातल्या झुडपाला तर व्हेसलच नाहीत, नुसत्या ट्रॅकीड, म्हणजे टोकाला भोक नसलेल्या पाणी नेणाऱ्या पेशी. पण घराणं जुनं म्हणून प्रत्येक अवयव जुना, हे माझंच गृहीत. सीताफळावरचा एकेक डोळा म्हणजे फुलातलं एकेक किंजदल, ही ठेवण जुनी. नळी मात्र बदलून बसली. प्रकरण दुसरं पुन्हा लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडम सालीची स्लाइड बराच वेळ बघत होत्या. "एवढा सलग काप आला कसा?"

मखराचं सांगितलं.