बँड अन् कॅलरीचं अ‍ॅप जोडलं, पण बर्नचा (म्हणजे जळालेल्या कॅलरीचा) आकडा खरा कसा काढायचा? माझा अनुभव

शुगर बॉर्डरवर आली तसं डॉक्टर म्हणले वजन कमी करा, तेव्हापासून जेवण कॅलरीच्या अ‍ॅपमध्ये लिहितो अन् हाताले फिटनेस बँड. आमच्या दारव्ह्याकडं हे समजावून सांगणारं कोणी भेटत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो, शेती करणाऱ्याले तर नक्की कामात येईल.

आधी जोडणी. बँडचं अ‍ॅप वेगळं, कॅलरीचं वेगळं, मधात हेल्थ कनेक्ट लागते, म्हणजे एका अ‍ॅपची तब्येतीची नोंद दुसऱ्या अ‍ॅपले देणारं गूगलचं अ‍ॅप. अँड्रॉइड १४ पासून ते फोनच्या सेटिंगमध्येच आहे, जुन्या फोनवर प्ले स्टोअरमधून घ्यावं लागते. बँडच्या अ‍ॅपले लिहायची परवानगी द्या, कॅलरीच्या अ‍ॅपले वाचायची. अन् दोन्ही अ‍ॅप बॅटरी सेव्हरमधून बाहेर काढा, नाहीतर फोन त्यांले मागं बंद करून टाकते अन् संध्याकाळपर्यंत आकडा शून्यच दिसते.

आता खरी गोष्ट. फोनचं स्वतःचं पावलं मोजणारं अ‍ॅपही हेल्थ कनेक्टमध्ये लिहिते, म्हणजे तुम्ही एकदा चालले पण नोंद दोन. कोणतं अ‍ॅप त्यातलं कशी बेरीज करते याच्या भरवशावर राहू नका. लिहायची परवानगी एकाच अ‍ॅपले ठेवा, बाकीची बंद. दुसरं म्हणजे कॅलरीचं अ‍ॅप सुरुवातीले विचारते तुमचं काम कसं, बसून की मेहनतीचं. शेतकरी माणूस साहजिकच मेहनतीचं टाकते, मग ती मेहनत रोजच्या हिशोबात आधीच धरल्या जाते अन् वरून बँडचा बर्न आला की तीच मेहनत परत जोडल्या जाते. बँड जोडायचा असेल तर तिथं "बसून" ठेवायचं, मेहनत बँडले मोजू द्यायची. मले विचाराल तर सगळ्या सेटिंगमध्ये ही एक सगळ्यात महत्त्वाची.

अजून एक, टोटल कॅलरी (आरामातल्या धरून सगळ्या) अन् अ‍ॅक्टिव्ह कॅलरी (फक्त हालचालीच्या). ८० किलोचा माणूस ताशी ५ किमीनं तासभर चालला तर साधारण २८० कॅलरी जळतात, पण त्यातल्या ८० तर तो खाटेवर पडून असता तरी जळल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई २००. रोजच्या हिशोबात आराम आधीच धरलेला असते, म्हणून अ‍ॅपमध्ये अ‍ॅक्टिव्हच गेली पाहिजे.

शेतातली गंमत वेगळीच. आमचा लहान भाऊ डवरणीहून (पिकाच्या ओळीत बैलाचा डवरा चालवून तण काढणं) आला अन् म्हणे, "दादा, सकाळपासून डवऱ्यामागं चालून राह्यलो अन् हे म्हणते तू चाललाच नाही!" बरोबरच आहे, बँड मनगटाच्या हालचालीवरून पावलं मोजते अन् डवऱ्याची मूठ धरली की हात हालतच नाही. उलट खडीच्या रस्त्यानं मोटरसायकल चालवली की बसल्याबसल्या पावलं वाढतात. यावर उपाय म्हणजे डवरणी सुरू करताना बँडमध्ये वर्कआउट चालू करायचं, मग तो नाडीवरून हिशोब लावते. पट्टा जरा घट्ट, मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, कारण मागचा हिरवा लाइट कातडीले टेकला नाही तर नाडी चुकते. पण मे महिन्यात ४५ डिग्रीत तेच काम, तोच वेग, तरी नाडी वाढते, कारण शरीर थंड ठेवायलेच हृदय जास्त पळते. बँडले वाटते मेहनत वाढली. म्हणून उन्हाळ्यातला बर्न मी तर मनातल्या मनात कमीच धरतो.

अन् चांगल्या बँडचंही असंच आहे बरं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठवाल्यांनी २०१७ मध्ये मनगटावरचे ७ ट्रॅकर तपासले, त्यातल्या ६ जणांची नाडी ५ टक्क्यांच्या आत बरोबर निघाली, पण कॅलरीत सगळ्यात चांगलाही सरासरी २७ टक्के चुकला अन् सगळ्यात वाईट ९३ टक्के. म्हणून बँडनं ४०० दाखवले तर ४०० ची भाकर-भाजी जास्तीची खायची नाही. मी फार तर अर्धे धरतो, भूक असेल तरच.

खाण्याची बाजूही तेवढीच बघा. भाकर नगावर लिहू नका, आमच्याकडची भाकर अन् अ‍ॅपमधली भाकर एक नसते. पीठ काट्यावर मोजा, १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाले ३३० ते ३५० कॅलरी धरा. फोडणीचं तेल चमच्यानं मोजा, एका मोठ्या चमच्यात १२० च्या आसपास जातात, अन् तर्रीवाली भाजी असली तर विचारूच नका.

पडताळा वजनकाट्यावर घ्यायचा. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. महिनाभर अ‍ॅप जेवढी तूट दाखवते त्याले ७,७०० नं भागा अन् वजन खरंच किती उतरलं ते बघा. कमी उतरलं तर एक तर बर्न फुगलेला आहे नाहीतर खाणं लिहायचं राहून चाललं. सकाळी, उपाशीपोटी, एकाच काट्यावर, अन् एका दिवसाच्या वजनावर नाही तर आठवड्याच्या सरासरीवर, कारण पाण्यानं वजन इकडं तिकडं होतच राह्यते.

हरभऱ्याले पाणी द्यायले पंपाची लाइन (वीज) रात्रीची आली की मात्र रोजचा आकडा बघूच नका. रात्री १० ले धुऱ्यावर गेलं अन् पहाटे घरी आलं तर अ‍ॅप १२ वाजता तारीख बदलते, अर्धी मेहनत काल, अर्धी आज. त्या दिवसांत मी फक्त आठवड्याची बेरीज बघतो.