तुम्ही विचारलंत म्हणून: उंच गड्याशी कुस्ती कशी धरायची?

तालमीत नव्यानं येणारी पोरं आणि त्यांचे वडील हे हमखास विचारतात: समोरचा गडी हातभर उंच, हातही लांब, आणि आमचा पोरगा बुटका. कसं लढायचं?

उंचीला घाबरू नका, मधल्या अंतराला घाबरा. जिथं त्याचा हात तुमच्या मानेवर पोचतो आणि तुमचा त्याच्या कमरेला पोचत नाही, ती जागा त्याची. एकतर त्याच्या टप्प्याबाहेर राहा, नाहीतर थेट अंगाला भिडा.

खडाखडीत, म्हणजे उभ्यानं पकडीसाठी चाललेल्या हातघाईत, मानेवर हात पडला की बहुतेक पोरं मान मागं ओढतात. मग तो वरून लोंबकळतो, त्याचं वजन तुमच्या मानेवर येतं, पाय जड होतात आणि डोकं खाली जातं. डोकं खाली गेलं की त्याचे लांब हात मान आणि काख एकदमच कवळतात. तिथनं सुटणं फार अवघड.

त्याऐवजी बगलडूब, म्हणजे त्याच्या काखेखालून शिरून मागं जायचा डाव. समजा त्याचा उजवा हात मानेवर आहे. डाव्या हाताचा तळवा त्याच्या कोपराखाली लावून कोपर वर उडवा. त्याच दमात गुडघ्यातून खाली बसत डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर टाका, डोकं काखेखालून काढा, नजर वर ठेवा. मग उजवा हात कमरेला घालून मागं जायचं आणि कब्जा घ्यायचा, म्हणजे मागून त्याला ताब्यात धरायचं. बिघडतं ते एकाच ठिकाणी: पोरं कमरेतून वाकून शिरतात आणि तो वरनं दाबतो. बुटक्याला हा डाव सोपा, कारण काख आधीच त्याच्या डोक्याजवळ असते.

मैदानात कडेनं ‘पट काढ, पट काढ’ असा ओरडा होतो. पट म्हणजे खाली शिरून गड्याचे पाय धरायचे; एकच पाय धरला की एकेरी पट. तो ऐकून लांबून झेप घेऊ नका. उंच गडी पाय मागं फेकतो आणि सगळं अंग तुमच्या पाठीवर टाकतो. आधी त्याच्या मनगटाला किंवा कोपराला हात लागू दे, त्याचा पुढचा पाय जड होऊ दे, मग एकेरी पट. पाय मिळाल्यावर तो खांद्यावर उचलत बसू नका. लांब पायाचा गडी एका पायावर बराच वेळ नाचतो आणि तेवढ्यात तुमचा हात वरून अडकवतो. पाय आपल्या दोन मांड्यांत धरा, डोकं त्याच्या बरगडीला आतून चिकटवा, छातीनं मांडीवर दाब देत मागं आणि गोल फिरा. तो बसतो.

धोबीपछाडीला, म्हणजे त्याचा हात खांद्यावरून ओढत पाठ फिरवून त्याला फेकायच्या डावाला, लांब हात म्हणजे आयती सोय. तुमची कंबरही त्याच्या कमरेखाली सहज जाते. पण फिरणं अर्धवट राहिलं तर पाठ त्याच्याकडं आणि कब्जा त्याचा. ढाक, म्हणजे मान कवळून खाली पाडायचा डाव, मात्र जपून. 1952 ला हेलसिंकीला कांस्य मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांमुळं इथल्या प्रत्येक पोराला ढाक मारायची असते. त्यात मान हाताशी यावी लागते, म्हणून समोरचा वाकलेला असेल तेव्हाच. ताठ उभ्या गड्याच्या मानेला लटकलात की पाय सुटतात.

माती आणि मॅटचा फरकही लक्षात घ्या. मातीत घामानं मनगट निसटतं. मूठभर माती त्याच्या हातावर चोळून मगच पकड घ्या. मॅटवर वर्तुळाबाहेर गेलं की एक गुण जातो आणि लांब हाताचा गडी तेवढ्यासाठी ढकलत नेतो. मागं सरळ सरकू नका, बाजूला फिरा.

सरावाला वस्तादांकडून उंच जोड, म्हणजे सरावाचा जोडीदार, मागून घ्या. नुसत्या खडाखडीच्या 3-3 मिनिटांच्या फेऱ्या करा: त्यानं मानेवर हात ठेवायचा, तुम्ही फक्त कोपर उडवून बाजूला निघायचं, डाव लावायचा नाही. नंतर बगलडूब दोन्ही बाजूंनी 20-20 वेळा, आधी सावकाश. डावी बाजू बहुतेकांची कच्ची असते, तिची सुरुवात आधी करा.